तांबळीच्या सड्यावरचं जंगल

चष्मे थोडे आणि माणसं जास्त, म्हणून तांबळीच्या धनगरवाड्यावर ते आळीपाळीने लावायचं ठरलं. पहिला मान धाकू लांबोरांना मिळाला. वाड्यात त्यांचा शब्द चालायचा, आणि चष्मे घेऊन आलेली सारिका त्यांचीच थोरली मुलगी होती.

“आबा, बसूनच बघा. उठून चालायला लागलात तर ठेचकाळाल,” सारिका म्हणाली आणि तिने त्यांच्या पटक्यावरून चष्म्याचा पट्टा नीट बसवला.

समोर सडा होता. सह्याद्रीच्या माथ्यावरचं जांभ्या दगडाचं ते पठार धाकू जन्मापासून पाहत आले होते. काळा कातळ, त्याच्या खाचांत वाळलेलं गवत, लांबवर चरणाऱ्या म्हशी. चष्मा लावताच कातळ नाहीसा झाला. त्यांच्या चहूबाजूंनी झाडं उभी राहिली. जांभूळ, हिरडा, अंजन. बुंध्यांना वेटोळे घातलेल्या मांडीएवढ्या वेली. वर पाहिलं तर आभाळाचा फक्त एक तुकडा दिसत होता. धाकूंनी हात पुढे केला आणि तो झाडातून आरपार गेला, तेव्हा ते दचकून हसले.

मग वर्षं सरू लागली. आधी वाड्याच्या कडेची झाडं विरळ झाली. भोक पडलेल्या घोंगडीसारखं जंगल मधूनमधून फाटत गेलं, भोकं एकमेकांना मिळाली, आणि शेवटी उरला काळा कातळ आणि वाळलेलं गवत. धाकूंनी चष्मा काढला. समोर तेच होतं.

“एवढं रान हुतं हितं?”

“हो आबा. दीडशे वर्षांपूर्वी.”

“मग गेलं कुटं?”

या प्रश्नाचं उत्तर सारिकाने इतर गावांत अनेकदा दिलं होतं. “चराई आणि वणवे. जनावरांच्या पायाखाली रोपं तग धरत नाहीत. आणि नवं गवत जोमानं फुटावं म्हणून लोक जुनं पेटवून द्यायचे.”

“लोक म्हंजी?”

या डोंगरावर त्यांच्या वाड्याखेरीज दुसरी वस्तीच नव्हती.

मागे बसलेला तिचा चुलतभाऊ केरबा म्हणाला, “आमच्या आज्यानं तर कधी सांगितलं न्हाई, हितं जंगल हुतं म्हणून.”

“चोरी केल्याला मानूस पोरास्नी सांगत बसतोय व्हय?” धाकू म्हणाले. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. आपल्या बापाला उघड्या डोक्याने चारचौघांत बसलेलं सारिकाने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

*

सारिका ज्या यंत्रणेवर काम करायची तिचं नाव ‘वनपट’. काम सांगायला सोपं होतं. इंग्रजांच्या अमदानीत वनखात्याने हाताने काढलेले नकाशे, नंतरच्या काळात विमानातून घेतलेली छायाचित्रं आणि उपग्रहांची आजची चित्रं एकावर एक ठेवायची आणि मधल्या काळात काय बदललं ते शोधायचं.

करायला ते अवघड होतं. जुना कागद दमट हवेने फुगलेला असतो, आखणाऱ्याचा हात कुठे चुकलेला असतो. म्हणून आधी दोन्ही काळांत न हललेल्या जागा शोधाव्या लागतात: एखादं देऊळ, नदीचा संगम, डोंगराचा सुळका. त्या जागा एकमेकींवर टाचून बाकीचा नकाशा कापडासारखा ताणून बसवायचा. हे माणसं फार पूर्वीपासून करत आली होती. वनपटने त्यात एक भर घातली. दोन नकाशांमधल्या ज्या वर्षांची काहीच नोंद नाही, ती वर्षं तो स्वतः भरून काढायचा. पाऊस, उतार, माती, वस्त्या आणि इतर ठिकाणचं जंगल कसं वाढलं, कसं घटलं, याचा अंदाज बांधून तो प्रत्येक वर्षाचं जंगल उभं करायचा. आणि ते आकड्यांत नव्हे, डोळ्यांना दिसेल असं. अंदाज कुठे संपतो आणि पुरावा कुठे सुरू होतो, हे चष्म्यातून कळत नसे. पानं सगळीकडे सारखीच हलत.

जंगल का गेलं हेही वनपट सांगायचा. ते ठरवण्याचे नियम सारिकाने लिहिले होते. जवळ खाण असेल तर खाण, लाकडाची वखार असेल तर तोड, गुराढोरांची वस्ती असेल तर चराई. नियम लिहिताना तिला फार विचार करावा लागला नव्हता. कोल्हापूरच्या वसतिगृहात राहून शिकत असताना भूगोलाच्या तासाला ‘अनिर्बंध चराईमुळे वनांचा ऱ्हास’ हा धडा आला, तेव्हा बाईंनी वाचता वाचता तिच्याकडे पाहिलं होतं आणि सगळा वर्ग तिच्याकडे वळला होता. तिने त्या दिवशी ते वाक्य पाठ करून टाकलं. पुढे तिने कुठे शंका घेतली नाही.

सारिका जिथे नोकरीला होती त्या पुनर्वन मंडळाचं काम या नकाशांवर चालायचं. सह्याद्रीचे झरे आटत चालले होते, दरडी कोसळत होत्या. जुन्या काळी जिथे जंगल होतं तिथे ते परत आणायचं आणि माणसांनी खाली पठाराबाहेर राहायला जायचं, अशी योजना होती. कुणावर सक्ती नव्हती. सगळ्या वस्तीने मिळून होकार दिला तरच काम सुरू होई. बहुतेक धनगरवाडे होकार देत नव्हते.

तांबळीने दिला. धाकू घरोघर फिरले. ज्यांचं मन तयार नव्हतं त्यांना ते सड्यावर नेऊन उभं करत आणि म्हणत, “डोळ्यानं बघितलंस न्हवं? मग तोंड वर करून हितं राहायचं कसं?” निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी बिरोबाच्या ठाण्यापुढे लोटांगण घातलं. “आमी तुजं रान खाल्लं रं देवा. अडाणी हुतो. पदरात घे,” असं ते मोठ्याने म्हणाले. वाड्यातल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. सारिकाही होती. तिला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. माझा बाप चूक कबूल करू शकतो, असं तिने ऑफिसात दोघातिघांना सांगितलं.

म्हशी खालच्या गावांतल्या गवळ्यांकडे गेल्या. सड्यावर यंत्रं आली, कातळाला खड्डे पाडले, माती भरली आणि ओळीने रोपं लावली.

*

नवी वसाहत उसाच्या पट्ट्यात होती. सिमेंटची घरं, नळ, दवाखाना, सगळं होतं. धाकूंना तिथे करायला काहीच नव्हतं. पण मंडळाचे संचालक डॉ. इनामदार यांना धाकूंच्या शब्दाचं वजन दिसलं. इनामदारांचं आयुष्य डोंगर वाचवण्यात गेलं होतं आणि त्यांना माणसं जोडता येत. ते धाकूंना आपल्याबरोबर दुसऱ्या वाड्यांवर नेऊ लागले. अधिकाऱ्यांनी तासभर बोलून जे होत नसे, ते धाकूंच्या चार वाक्यांनी होई. ते उभे राहत, पटका काढत आणि म्हणत, “मी तांबळीचा धाकू लांबोर. आमच्या वाडवडलांनी जंगल खाल्लं. मी बघितलंय. तुमी बी बघा.”

त्यांच्या सांगण्यावरून आणखी काही वाडे खाली उतरले.

सारिका सुट्टीला घरी गेली तेव्हा आईने चहा दिला. आबांच्या कपातला चहा काळा होता.

“दूध संपलं?” सारिकाने विचारलं.

“त्यांनी सोडलंय,” आई म्हणाली. “दूध, दही, ताक, समदं. म्हशीचं आता तोंडात घालायचं न्हाई म्हनत्यात. तू सांग की जरा. तुजं ऐकतील.”

सारिका सांगायला गेली, तर धाकू म्हणाले, “राहू दे गं. तेवढं तरी करू दे मला.” आणि मग हसून, “पुढच्या महिन्यात कांदळीच्या वाड्याव जायचंय. तू येतीस का? लेकीनं मशीन केलंय म्हणून सांगतो मी समद्यास्नी.”

*

नाझनीन मुल्ला परागकणांचा अभ्यास करायची. सारिकाची ती कॉलेजपासूनची मैत्रीण. तांबळीच्या सड्यावर कधीही न आटणारं एक खोल कुंड होतं. त्याच्या तळाच्या गाळात तिने लांब नळी खुपसून मातीचा उभा दांडा काढून नेला होता. इथल्या जंगलात नेमकी कोणती झाडं होती ते कळलं तर मंडळाला रोपं निवडायला बरं, एवढ्याच हेतूने.

ती निकाल घेऊन आली तेव्हा खुर्चीवर बसलीच नाही.

“सारिका, मी दोनदा तपासलं. दुसऱ्या प्रयोगशाळेतूनही तपासून घेतलं. तिथे झाडं नाहीत.”

“म्हणजे आता नाहीत.”

“कधीच नव्हती.”

तिने पडद्यावर मातीचा दांडा दाखवला. कुंडात दरवर्षी गाळाचा एक पातळ थर बसतो आणि त्या वर्षी हवेत उडणारे परागकण त्या थरात अडकून राहतात. ते कुजत नाहीत. जितकं खाली जावं तितका काळ जुना. वरपासून खालपर्यंत परागकण होते ते गवताचे, पानगेंदाचे, सीतेच्या आसवांचे, कातळावर उगवणाऱ्या अशाच बारीकसारीक फुलांचे. झाडांचे होते, पण थोडे. खालच्या उतारावरून वाऱ्याने आलेले असावेत इतकेच. तिने दुसरी परीक्षाही केली होती. उष्ण प्रदेशातलं गवत हवेतला कार्बन एका रीतीने घेतं आणि झाडं दुसऱ्या रीतीने. मातीतल्या कार्बनवरून तिथे काय कुजलं ते कळतं. तेही गवतच निघालं.

“किती जुनं?” सारिकाने विचारलं.

“सगळ्यांत खालचा थर चार हजार वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा इथे ना धनगर होते ना म्हशी. अगं, हा सडा उघडाच असतो. कातळावर माती धरत नाही, झाड कुठून येणार? त्याचं स्वतःचं एक जग आहे. आणि आपण त्याला खड्डे पाडले. कुंडाला येणारं पाणी त्या खड्ड्यांत मुरतंय. यंदा फुलं जवळजवळ आलीच नाहीत.”

“मग नकाशात हिरवा रंग कसा?”

नाझनीनला ते माहीत नव्हतं. शोधायचं काम सारिकाचं होतं आणि त्याला एक दुपार पुरली. तांबळीच्या त्या जुन्या नकाशावर रंगांची सूची नव्हती, कारण सगळ्या मालिकेची मिळून एकच सूची पहिल्या पानावर दिलेली होती. ते पान कुणी यंत्राला दिलंच नव्हतं. इतर प्रांतांच्या हजारो नकाशांत हिरवा म्हणजे दाट झाडी, हे यंत्र शिकलं होतं. त्याला सूचीची गरज नाही असं सगळे धरून चालले होते. सारिकाने संग्रहातून ते पान मागवलं. हिरव्या चौकोनापुढे लिहिलं होतं: सरकारने राखून ठेवलेली हद्द. झाडांसाठी वेगळी खूण होती, छोट्या छोट्या टिंबांची. तांबळीच्या सड्यावर एकही टिंब नव्हतं.

हिरवा रंग झाडांचा नव्हता, मालकीचा होता. इंग्रज सरकारने डोंगर आपला म्हणून रंगवला होता. यंत्राने त्या मालकीवर झाडं लावली, मग ती झाडं आज दिसत नाहीत म्हणून ती कुणीतरी तोडली असा हिशेब केला, आणि कुणी तोडली याचं उत्तर सारिकाच्या नियमाने दिलं.

ती स्वतः त्या सड्यावर वाढली होती. लहानपणी त्या कातळावर तिचे तळपाय पोळले होते. तरी तिने धड्यावर विश्वास ठेवला, यंत्रावर ठेवला आणि आपल्याच माणसांना चोर ठरवताना तिची जीभ एकदाही अडखळली नव्हती. ती उठून तोंड धुवायला गेली आणि आरशात न बघताच परत आली.

*

इनामदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना धक्का बसला होता, ते दिसत होतं.

“असे सडे किती असतील?”

“माहीत नाही सर. पुष्कळ असतील. सगळीकडचा गाळ तपासावा लागेल.”

“आणि उतारांवर? दऱ्यांमध्ये?”

“तिथे यंत्र बरोबर आहे. नकाशावर तिथे टिंबंही आहेत, खरोखर जंगल होतं.”

इनामदार खिडकीशी गेले. “ऐक सारिका. चूक दुरुस्त करायचीच. वनपटची पुढची आवृत्ती येईल तिच्यात सडे वगळून टाकू. पण आज जाहीर केलंस तर उद्या काय होईल? प्रत्येक खाणवाला कोर्टात उभा राहील आणि म्हणेल, यांचे नकाशेच खोटे. जिथे खरंच जंगल होतं तेही जाईल. मी तुला खोटं बोल म्हणत नाही. थोडं थांब म्हणतो.”

“आणि तांबळीची माणसं?”

“त्यांना घरं मिळाली, दवाखाना मिळाला. त्यांचं काही वाईट नाही झालं ना?”

सारिकाला काळा चहा आठवला. पण ते तिला तिथे बोलून दाखवता आलं नाही. इनामदारांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, ही एक अडचण; आणि थांबणं तिला स्वतःलाही हवं होतं, ही दुसरी. थांबलं तर आबांना सांगावं लागणार नव्हतं.

ती थांबली. नाझनीनने फोन केला की ती कामाचं काहीतरी कारण सांगे. एकदा नाझनीन म्हणाली, “मी माझा निबंध पाठवून देणार आहे. त्याआधी तू घरी सांगावंस असं मला वाटतं. वर्तमानपत्रातून कळू नये त्यांना.” सारिका हो म्हणाली आणि पुन्हा काही दिवस गेले.

शेवटी धाकूंचाच फोन आला. “परवा कांदळीला जायचंय. इनामदारसाहेब न्हाईत, कुटं दिल्लीला गेल्यात. तू ये की संगट. वाडा मोठा हाय. हट्टी मानसं हैत, पर ऐकतील माजं.”

*

मंडळाच्या गाडीला चालक नव्हता. ती ठरलेल्या रस्त्याने आपली आपण चालायची. घाटाला लागल्यावर धाकू खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी धुतलेला पटका बांधला होता. सारिकाने तीन वळणं जाऊ दिली.

“आबा, नकाशा चुकला.”

“कुटला?”

“तांबळीचा. सड्यावर जंगल नव्हतं. कधीच नव्हतं. नाझनीननं कुंडाचा गाळ तपासला. देवानं केलाय तेव्हापासून तो सडा तसाच आहे. आपल्या माणसांनी काही तोडलं नाही.”

धाकू तिच्याकडे वळले. “मी डोळ्यानं बघितलं की.”

“ते यंत्रानं रचलेलं होतं. मी... मी त्याला जसं शिकवलं तसं त्यानं दाखवलं.”

“गाडी थांबीव.”

तिने थांबवली. ते उतरले आणि कठड्यावर जाऊन बसले. खाली दरीत झाडी दाटलेली होती. सारिका थोड्या अंतरावर उभी राहिली. जवळ जायचं धाडस तिला होईना.

“कवा कळलं तुला?” त्यांनी विचारलं.

हाच प्रश्न येऊ नये असं तिला वाटत होतं. “दीड महिना झाला.”

“दीड महिना.” ते मान हलवत राहिले. “मधल्या टायमात मी शिराळीच्या वाड्याव जाऊन आलो. तिथं एक म्हातारा रडला माज्या म्होरं. मी त्येला म्हनलं, रड बाबा, पाप धुऊन जाईल.”

“आबा, माझी चूक...”

“गप.” आवाज मोठा नव्हता. “देवापुढं लोटांगण घालून आजा-पणज्याला चोर म्हनलो मी. बिरोबा तरी काय म्हनला आसंल?”

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. गाडीत बसले आणि वर जायची खूण केली.

कांदळीच्या वाड्यावर माणसं जमली होती. मंडळाच्या दोन मुलींनी चष्मे मांडून ठेवले होते. धाकू उभे राहिले. सवयीने त्यांचा हात पटक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी पटका काढला नाही.

“मी तांबळीचा धाकू लांबोर. माजं नाव ऐकलं आसंल. तुमास्नी खाली चला म्हनायला आलो हुतो. पर चलू नका. आमच्या वाडवडलांनी काय बी खाल्लं न्हाई. मी खोटं सांगत फिरलो. मला खरंच वाटलं हुतं, पर खोटं त्ये खोटंच. नकाशा चुकलाय.”

गलका झाला. एक तरुण पोरगा पुढे येऊन ओरडला, “चुकलाय म्हंजी? कुणी काढला त्यो नकाशा?”

धाकू काही बोलले नाहीत. त्यांनी सारिकाकडे पाहिलंही नाही. ते नाव घेणार नाहीत, हे तिला कळलं. इतकं होऊनही ते तिला झाकत होते, आणि त्या गप्प राहण्याने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती पुढे आली. “मी काढला. मी सारिका लांबोर, यांची मुलगी. चराईमुळे जंगल गेलं हा नियमही मीच लिहिला. चूक दीड महिन्यापूर्वी कळली आणि मी गप्प बसले.”

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. एक म्हातारी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, “धनगराची लेक व्हय गं तू?” आणि पदर सावरून उठून गेली. तिच्यामागून एकेक जण उठला. चष्मे चटईवर तसेच पडून राहिले.

*

दुसऱ्याच दिवशी सारिकाने नाझनीनच्या निबंधासोबत आपलं निवेदन प्रसिद्ध केलं. इनामदारांची भीती खरी ठरली. खाणवाल्यांचे वकील ते निवेदन घेऊन कोर्टात गेले. दोन दऱ्यांमधलं पुनर्वनाचं काम थांबलं, तिथे खरंच जंगल होतं तरीही. वनपट बंद ठेवण्यात आला. पुढे तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा जुना नकाशा वाचण्याआधी त्या जागेचा गाळ तपासायचा असा नियम झाला, आणि चष्म्यातलं जे फक्त अंदाजाने भरलेलं असेल ते धूसर दिसू लागलं. सारिकाला चौकशीनंतर नकाशाच्या कामावरून काढलं. इनामदार तिच्याशी वाईट वागले नाहीत. ते फक्त तिच्याशी बोलायचे बंद झाले.

तांबळीच्या लोकांना परत जायची मुभा मिळाली. पण म्हशी गेल्या होत्या, पोरं खालच्या शाळेत रमली होती. केरबा आणि आणखी तीन-चार घरं वर गेली. धाकू आणि सारिकाची आई बायजाबाईही गेले. ज्या वाड्यांना धाकूंनी खाली उतरवलं होतं तिथे ते पायी एकेक करून गेले आणि हात जोडून आले. काहींनी पाणी दिलं, काहींनी दारातूनच परत पाठवलं. सारिका येऊ का म्हणाली, तर आईकडून निरोप आला, नको म्हणून.

सड्यावरची रोपं काढून टाकायचा आदेश पुढच्या हिवाळ्यात निघाला. खड्डे बुजल्याशिवाय कुंडाला पाणी मिळणार नव्हतं. हे काम मंडळाच्या यंत्राने करायचं नाही, वाड्याने करायचं, अशी वाड्याचीच मागणी होती. सारिका न बोलावता गेली.

धाकू पहिल्या ओळीशी उभे होते. रोपं गुडघ्याएवढीही वाढली नव्हती, पानं पिवळी पडली होती. पण जिवंत होती. जांभूळ होतं, हिरडा होता. धाकू वाकले, त्यांनी एका रोपाला हात घातला आणि तो तसाच मागे घेतला. केरबानेही कुदळ खाली ठेवली. झाड तोडणारे म्हणून इतके दिवस ऐकून घेतलेल्या त्या माणसांच्याने झाड उपटवेना.

सारिकाने कुदळ उचलली. मुळांना धक्का लागू नये अशी भोवतीची माती मोकळी केली आणि रोप बाहेर काढलं. मग दुसरं. मग तिसरं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी पुण्याकडून आलेले काही गिर्यारोहक पलीकडच्या पायवाटेने जात होते. ते थांबले. त्यांच्यातल्या एका मुलीने फोन वर धरला आणि ओरडली, “ओ ताई! झाडं कसली उपटताय? लाज नाही वाटत का?”

सारिका उठून उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत मातीने माखले होते. समजावून सांगावं असं एकदा तिच्या मनात आलं. गाळ, परागकण, हिरव्या रंगाचा अर्थ.

“वाटते,” ती म्हणाली आणि पुन्हा खाली बसली.

मुलीने फोन तसाच धरून ठेवला. तेव्हा धाकू ओळी ओलांडून त्या पायवाटेच्या आणि सारिकाच्या मध्ये येऊन उभे राहिले.

“माजी लेक हाय ती,” ते म्हणाले. “काम करू द्या तिला. जावा तुमी.”

गिर्यारोहक गेले. धाकूंनी तिने काढलेली रोपं एकेक करून पाटीत उभी मांडली, मुळांवर ओलं पोतं टाकलं आणि पाटी डोक्यावर घेतली.

“खाली उताराला माती हाय,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “हितं जगायची न्हाईत, तिथं जगतील. तू काढत ऱ्हा. मी लावतो.”